लाल्ला मबारकांच्या वहीतला दुसरा रकाना

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ताझूल रुग्णालयाचे संचालक डॉ. मौलूद तर्झी, प्रांताच्या आरोग्य कचेरीतून एवढ्या उन्हात दोनशे किलोमीटर गाडी हाकत आलेले सन्माननीय पाहुणे सी बशीर वनास, आजच्या सत्कारमूर्ती, लहानथोर ज्यांना मानाने 'लाल्ला' म्हणतात त्या लाल्ला मबारका, त्यांची मुलंबाळं आणि आप्त, माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका, लॅबमधली आणि स्वयंपाकघरातली मंडळी, वस्त्यावस्त्यांतून आलेले आमचे जुने रुग्ण, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे खिडक्यांशी उभे असलेले सज्जनहो, आपणा सर्वांना माझा सलाम.

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आहे, ते मी पाहिलं. आपत्कालीन विभागाचा प्रमुख म्हणून मी उभा आहे आणि निरोपाच्या भाषणात काय बोलायचं असतं तेही मला ठाऊक आहे. कर्तव्यदक्ष, प्रेमळ, मनमिळाऊ. यातले पहिले दोन शब्द लाल्ला मबारकांना शोभतात. तिसऱ्याबद्दल या सभागृहाला माझ्याइतकीच शंका असणार.

त्यांचा स्वभावच संशयी. काल दुपारी मी त्यांना समारंभाची वेळ सांगायला गेलो. त्या कपाट आवरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोण कोण बोलणार आहे?"

"संचालक, पाहुणे आणि मी."

"तुम्ही काय बोलणार?"

"तुमच्याबद्दल चांगलं."

"म्हणजे किती चांगलं? माणूस गेल्यावर बोलतात तेवढं?"

"त्याहून थोडं कमी."

"मग चालेल. आणि डॉक्टर, त्यात खरं किती असेल?"

मी म्हणालो, "सगळं." तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आत्ताही बसलेला दिसत नाही. हातातल्या रुमालाची त्या सारखी घडी घालून परत उलगडतायत, ते मला इथून दिसतंय.

मी मूळचा उत्तरेतल्या तलमसानचा. एकवीस वर्षांपूर्वी सक्तीच्या सेवेची दोन वर्षं काढायला इकडे तुवातच्या वाळवंटात आलो आणि राहिलो. उत्तरेतून येणाऱ्या डॉक्टरांकडे लाल्ला मबारका कशा बघतात हे इथल्या प्रत्येक तरुण डॉक्टरने अनुभवलं आहे. मला पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "परतीचं तिकीट काढून आलात, की इथे काढणार?"

पण काम त्यांच्याकडूनच शिकलो. विंचू चावलेलं मूल रडतंय तोवर ठीक आहे, गप्प झालं की धाव घ्यायची, हे मला कुठल्या प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. सावळ्या माणसाचे ओठ निळे पडले की नाही हे बाहेरून कळत नाही, खालचा ओठ उलटा करून आतून बघायचा, जीभ बघायची, हे त्यांनी मला माझ्या दुसऱ्या आठवड्यात दाखवलं. त्या स्वतः इथल्याच वस्तीतल्या, काळ्या वर्णाच्या. आरशात बघून शिकले, असं म्हणायच्या.

आता मुद्द्यावर येतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आपल्याकडे नवीन ऑक्सिमीटर आले. बोटाला लावायचा तो चिमटा. महासाथीनंतर तो घराघरात पोचला, तेव्हा समजावून सांगायला नको. बोटातून प्रकाश आरपार जातो, त्यावरून रक्तात ऑक्सिजन किती ते यंत्र सांगतं. सुई नाही, रक्त नाही, दोन सेकंदांत आकडा. मला तो चिमटा फार आवडला. गर्दीच्या विभागात असा आकडा म्हणजे मोठा आधार.

लाल्लांनी खोकं फोडलं आणि पहिला चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. नव्याण्णव. मग श्वास रोखला. रोखून धरला, इतका की शेवटी त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. आकडा सत्त्याण्णव.

"हा खोटं बोलतोय," त्या म्हणाल्या.

"लाल्ला, निरोगी माणसाचा ऑक्सिजन असा चटकन उतरत नाही."

"मग तुम्ही रोखा."

मी रोखला. त्यांच्याइतका वेळ मला जमलं नाही. तरी माझा आकडा ब्याण्णववर आला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, माझा आणि त्यांचा, शेजारी शेजारी.

मी हसलो. म्हणालो, "यंत्राला माणसाचा रंग कळत नाही, लाल्ला."

"कळत नसेल तर बरंच आहे," त्या म्हणाल्या, आणि चिमटा खोक्यात ठेवला.

रंगाचं ते वाक्य मी विनोदाने बोललो होतो. बोटातून जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत कातडीही असते, हा विचार एका डॉक्टरच्या मनात यायला हवा होता. तो आला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी लॅबमधला कमाल माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. म्हणाला, "डॉक्टर, एक सांगतो, पण माझं नाव घेऊ नका." कमाल, तू मागच्या भिंतीला टेकून उभा आहेस आणि मी नाव घेतलं. मोठ्या मनाने सोडून दे.

तो म्हणाला, "लाल्ला मबारका जास्तीच्या रक्तचाचण्या करून घेतायत. धमनीतल्या रक्ताच्या. डॉक्टरांची सही नसताना. मी मोजल्या, सतरा झाल्या."

"कुणाच्या?"

"तेच तर सांगतोय. सगळे वस्तीतलेच. उत्तरेकडचा एक नाही, शहरातला गोरा एक नाही."

धमनीतून रक्त घेणं म्हणजे मनगटात खोलवर सुई. दुखतं. ते कुणी हौसेने करत नाही. मग ही बाई आपल्याच माणसांना का टोचतेय? रुग्णालयात कुजबुज आधीपासून होतीच. कुणी म्हणे ताईत करणाऱ्याला रक्त पोचवते. कुणी म्हणे परदेशी कंपनीला माहिती विकते. मी शिकलेला माणूस, या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. माझा संशय जास्त शिकलेला होता. मला वाटलं, ही आमच्याविरुद्ध पुरावे जमवतेय.

एके दिवशी त्या दुपारच्या नमाजाला गेल्या असताना मी त्यांचा खण उघडला.

हे मी या सभागृहात पहिल्यांदाच सांगतोय. अध्यक्ष महाशय, तुम्हालाही नवीन आहे. नंतर तुम्हाला लिहिलेल्या पत्रात मी 'निदर्शनास आले' असा शब्द वापरला होता.

खणात शाळेतल्या पोरांची असते तशी चौकटीची वही होती. पानापानांवर रकाने आखलेले. तारीख, रुग्णाचं नाव, एक आकडा, दुसरा आकडा, आणि शेवटी डॉक्टरचं नाव. मी पानं उलटत गेलो. शेवटच्या रकान्यात सगळीकडे माझं नाव, झुबीर, झुबीर, झुबीर. दुसऱ्या डॉक्टरांची नावं अधूनमधून, माझं ओळीने. काही ओळींखाली लाल रेघ.

आकडे कसले आहेत हे मी बघितलंच नाही. माझं नाव दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

मी संचालकांना चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं. विनापरवाना चाचण्या, रुग्णांची गोपनीय माहिती खासगी वहीत, सहकाऱ्यांबद्दल आकस. समिती बसली. समितीत डॉ. तर्झी, प्रशासनाचे एक अधिकारी आणि मी. मी तिथे बसायला नको होतं, पण विभागप्रमुख म्हणून बसलो.

संचालक म्हणाले, "लाल्ला, वही दाखवा."

"कुणाला?"

"समितीला."

"समितीत हे डॉक्टर आहेत?"

"आहेत."

"मग नाही दाखवत. माझ्या खणात हात कुणी घातला ते आधी विचारा."

मी खाली बघत राहिलो. संचालकांनी ते विचारलं नाही. लाल्लांना आपत्कालीन विभागातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. अठ्ठावीस वर्षं दारातून येणारा मरणारा माणूस पहिल्यांदा ज्या हातांत पडायचा, ते हात गळवं धुऊ लागले.

सतरा चाचण्या नियमाबाहेर होत्या. ते तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. माझं पत्र संपूर्ण खोटं असतं तर मला इतकी शांत झोप लागली नसती.

सी बशीर, आपण वही काढून काहीतरी लिहायला लागला आहात. अवश्य लिहा. पुढचंही लिहा.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तिल्लूत वस्तीतले सी फराजी आले. वय अठ्ठावन्न. जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यांत उतरून गाळ काढायचे. आपल्या खजुराच्या बागांना जे पाणी मिळतं ते अशा माणसांमुळे, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार दिवसांचा खोकला, ताप. चालत आले होते. बरोबर मुलगी, झुहरा, वस्तीतल्या शाळेत शिक्षिका.

मी छाती तपासली. उजवीकडे खाली आवाज होता, न्यूमोनिया. श्वास मिनिटाला सव्वीस. बोटाला चिमटा लावला. चौऱ्याण्णव. तापातल्या माणसाला चौऱ्याण्णव म्हणजे घरी पाठवण्याजोगा. मी औषधं लिहायला घेतली.

ड्रेसिंगची खोली समोरच. लाल्ला हातात ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. त्यांनी सी फराजींकडे पाहिलं आणि आत आल्या.

"डॉक्टर, यांचं रक्त तपासा. धमनीतलं."

मी मान वर केली नाही. "चौऱ्याण्णव आहे."

"ते चिमट्याचं. हे वाक्य पुरं करताना दोनदा थांबतायत."

"लाल्ला, तुमची नेमणूक कुठे आहे?"

"समोर."

"मग समोर जा."

सी फराजी मध्येच म्हणाले, "अगं लाल्ला, असू दे. बोगद्यात याहून कमी हवा असते. मी काय आज नवीन आहे?" आणि हसले. हसताना त्यांना खोकला आला.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. रुग्णाचा विचार चालू नव्हता. मला वाटलं, ही सापळा लावतेय. मी रक्त तपासलं तर म्हणेल, बघा, माझं ऐकावं लागलं. नाही तपासलं तर वहीत लिहील. दोन्हीकडून मीच अडकणार. मग मी ठरवलं की हिच्या सांगण्याने काही करायचं नाही. एका माणसाच्या फुप्फुसांचा निर्णय मी असा घेतला.

सी फराजी औषधं घेऊन घरी गेले.

दोन दिवसांनी झुहराने त्यांना शेजाऱ्याच्या गाडीतून आणलं. चिमटा दाखवत होता नव्वद. त्यांना आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं. मी खालचा ओठ उलटा केला, आतून शाईसारखा. धमनीतलं रक्त लॅबला गेलं, कमालने आकडा ओरडूनच सांगितला. अठ्ठ्याहत्तर.

चिमट्यात नव्वद आणि रक्तात अठ्ठ्याहत्तर. मला वाटलं, लॅबचं यंत्र बिघडलं. दुसऱ्यांदा करायला लावलं. सत्त्याहत्तर आलं.

अतिदक्षता विभागात नेलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं, पालथं झोपवलं, जे जे माहीत होतं ते सगळं केलं. नवव्या दिवशी सी फराजी गेले.

झुहराने मला व्हरांड्यात गाठलं. रडत नव्हती. "पहिल्या दिवशी रक्त का तपासलं नाही?" एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "त्या दिवशी आकडा चांगला होता."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी किती तरी दिवस ते मनात घोळवून तपासत होतो.

आपल्याकडे दर गुरुवारी केसेसवर चर्चा होते. जो रुग्ण हातचा गेला त्याच्याकडून शिकायचं, पुढचा वाचवायचा, हा त्या बैठकीचा हेतू. मीच ती सुरू केली आणि तिचा मला अभिमान होता. त्या गुरुवारी मी सी फराजींची केस मांडली. फळ्यावर शेवटी लिहिलं, 'शिकवण: रुग्ण उशिरा परत आला. नातेवाइकांना धोक्याची लक्षणं नीट समजावावीत.' दहा तरुण डॉक्टरांनी ते उतरवून घेतलं. त्यांतले तिघे आज इथे आहेत. ते वाक्य तुमच्या वह्यांत अजून असेल तर आज खोडा. मी मुलीच्या माथी ते मरण मारलं होतं.

लाल्ला दाराशी उभ्या होत्या. त्यांनी फळा वाचला आणि गेल्या. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार करायला हवी होती, असं कुणाला वाटेल. पण ज्या बाईची तक्रार करण्याची जागाच मी काढून घेतली होती, तिने कुणाकडे जायचं?

त्यानंतर महासाथ आली. दोन वर्षं आपण सगळे कसे जगलो ते इथे प्रत्येकाला आठवतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एका दुपारी मी चहाच्या खोलीत परदेशी वैद्यकीय नियतकालिकातला एक शोधनिबंध वाचत होतो. तिकडच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकाच वेळी घेतलेला चिमट्याचा आकडा आणि धमनीतल्या रक्ताचा आकडा. काळ्या वर्णाच्या रुग्णांत चिमटा चांगला आकडा दाखवतो आणि रक्तात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असतो, असं गोऱ्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त वेळा घडतं, असा निष्कर्ष होता.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग मला ते रकाने आठवले. एक आकडा आणि दुसरा आकडा.

मी उठून ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. त्या एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलत होत्या. मी निबंध पुढे केला. म्हणाल्या, "इंग्रजी आहे. मला येत नाही."

मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यांनी पट्टीची गाठ मारली. म्हातारा गेल्यावर म्हणाल्या, "किती माणसं तपासली त्यांनी?"

"हजारो."

"माझी एकशे त्रेसष्ट झाली होती. दोनशे करायची होती. मग तुमच्याकडे आणणार होते."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे? बोटावरचा आकडा एकदा सांगितला तेव्हा तुम्ही हसलात. म्हटलं, डॉक्टर लोकांना आकडे लागतात, भरपूर लागतात. जमवू."

मी विचारलं. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं. "लाल्ला, शेवटच्या रकान्यात माझंच नाव का होतं?"

त्यांनी हात धुतले, पुसले. "कारण रक्त तपासायला तुम्हीच सांगायचात. बाकीचे चिमटा लावून मोकळे व्हायचे. तुम्ही शंका आली की रक्त पाठवायचात. तुमच्यामुळे माझा दुसरा रकाना भरत होता. म्हटलं, पुढे कुणी विचारलं तर हे काम कुणाचं ते दिसायला हवं."

"आणि लाल रेघा?"

"जिथे दोन आकड्यांत फार फरक, तिथे रेघ."

तर सज्जनहो, ज्या कागदावर ही बाई माझं श्रेय लिहून ठेवत होती, तो मी माझ्यावरचा आरोप समजून वाचला होता.

मी म्हणालो, "ती वही मला द्याल? आपण रीतसर अभ्यास करू. परवानगी घेऊन, रुग्णांची संमती घेऊन."

इतक्या वर्षांत त्या मला 'अहो डॉक्टर' म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "अरे झुबीर, तुला वही हवीय. आधी फराजीच्या पोरीकडे जा. तिला जाऊन सांग, मग वही घे."

"काय सांगू?"

"फळ्यावर जे लिहिलं नाहीस ते."

मला दहा दिवस लागले. मग मी तिल्लूतला गेलो. झुहराने बसायला चटई घातली, चहा ठेवला, समोर खजूर ठेवले. पहिला पेला मी घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला तीच म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही चहाला आलेला नाहीत."

मी सगळं सांगितलं. चिमटा, वही, खण, पत्र, फेब्रुवारीतली ती सकाळ, गुरुवारचा फळा. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "म्हणजे लाल्लांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"मी तिथेच होते, ते ऐकलंय मी. मला वाटत होतं तुम्हाला ऐकू गेलं नसेल. मग तुम्ही का तपासलं नाही?"

"लाल्लांनी सांगितलं म्हणून."

"दोन वर्षं मी स्वतःला विचारतेय की एक दिवस आधी का नेलं नाही. वस्तीतले लोकही तेच विचारतात. रुग्णालयाने सांगितलंय म्हणतात, मुलीने उशीर केला."

मी चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

ती म्हणाली, "मला एकटीला येऊन सांगितलंत, तुमचं मन हलकं झालं. माझं काय? मला वस्तीत तसंच राहायचंय. ते जिथे म्हणालात तिथे सांगा, सगळ्यांसमोर."

"सांगेन."

"कधी?"

"योग्य प्रसंगी."

तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आजवर फक्त लाल्ला मबारकांनी पाहिलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. योग्य प्रसंग येत होते आणि मी ते जाऊ देत होतो. दर गुरुवारी फळा समोर असायचा.

बाकीचं काम मात्र झालं. लाल्लांनी वही दिली. मी संचालकांना अर्ज केला, त्या आपत्कालीन विभागात परत आल्या. चौदा महिने आम्ही रीतसर नोंदी घेतल्या, प्रत्येकाची संमती घेऊन. निबंध लिहिला, छापून आला. लेखकांत पहिलं नाव त्यांचं आहे. संपादकांनी त्यांची पदवी विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा, ड्रेसिंगवाली." मी परिचारिका असं लिहिलं. आज आपल्या विभागात नियम आहे, श्वास जोरात चालत असेल तर चिमटा काहीही म्हणो, रक्त तपासायचं. तिसऱ्या लाटेच्या त्या जुलैत सी अब्बू आले, चिमट्यात पंच्याण्णव, रक्तात चौऱ्याऐंशी. त्यांना घरी पाठवलं नाही. ते मधल्या ओळीत बसले आहेत आणि मघापासून शेजाऱ्याशी गप्पा मारतायत.

हे सगळं वार्षिक अहवालात आलं. संचालकांनी त्याबद्दल माझा सत्कारही केला, हार घातला. लाल्लांविरुद्धचं पत्र मात्र त्यांच्या सेवापुस्तकात तसंच राहिलं. उद्या त्या निवृत्त होतील आणि सरकारी कपाटात त्यांची छत्तीस वर्षं 'आकस' या शब्दाला टाचलेली असतील. मला ते माहीत होतं. पत्र मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून मी गप्प होतो.

आज सकाळी मी ते पत्र मागे घेतलं आहे. अध्यक्ष महाशय, आपल्या टेबलावर पाकीट आहे, आपण समारंभाच्या गडबडीत उघडलं नसेल. त्यात खण उघडल्याची कबुली आहे. विनापरवाना सतरा चाचण्यांची जबाबदारी विभागप्रमुख म्हणून माझी आहे, असंही लिहिलं आहे, कारण पहिल्याच दिवशी मी हसलो नसतो तर त्यांना त्या चोरून कराव्या लागल्या नसत्या. एक प्रत सी बशीर यांच्यासाठी आहे. सी फराजींच्या केसची नवी नोंदही आहे. तिच्यात शेवटी लिहिलंय, 'रुग्ण वेळेवर आला होता. मुलीने काहीही उशीर केला नाही. परिचारिकेने सूचना दिली होती. डॉक्टरने ती वैयक्तिक संशयापोटी नाकारली.' येत्या गुरुवारी हे फळ्यावर लिहीन. तिल्लूतच्या मंडळींनी त्या दिवशी जरूर यावं, दार उघडं असेल.

तरुण डॉक्टरांना एक सांगतो. आपल्या धंद्यात संशय हवा. यंत्राचा घ्या, आकड्याचा घ्या, पुस्तकात छापलेल्याचा घ्या. लाल्ला मबारकांनी आयुष्यभर तेच केलं आणि माणसं वाचवली. मीही संशयच घेतला, पण चिमट्यावर विश्वास ठेवला आणि माणसावर संशय घेतला.

दहा मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांचे आभार, ते आले नसते तर मी आजही हे पुढच्या प्रसंगावर ढकललं असतं. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार, कुसकुस थंड होतोय याची मला कल्पना आहे.

सभेत बोलताना जीभ घसरली असेल, मान राखण्यात काही कमी पडलं असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. पण दोघींकडे मला वेगळं मागायचं आहे. लाल्ला मबारका, आणि त्या डाव्या बाजूच्या खांबाशेजारी बसलेली सी फराजींची मुलगी झुहरा. तुम्ही क्षमा करावी अशी माझी इच्छा आहे, अपेक्षा नाही. झुहराने आज येण्यापूर्वी मला निरोप पाठवला होता की ऐकेन, मग ठरवेन. तिने उत्तर इथेच द्यावं असं नाही. पण ती उभी राहिली आहे.

ध्वनिक्षेपक तिच्याकडे द्या. मी खाली बसतो.